लाकडाच्या छोट्या लेथसाठी पहिला चक कोणता घ्यावा? वर्कशॉपमधला तीन जबड्यांचा चक चालेल का?

आपण लिहिले आहे की दहा इंची छोटा लेथ नुकताच घेतला आहे, वाट्या-बाऊल करायचे आहेत, चकवर (लेथवर काम घट्ट धरून फिरवणाऱ्या जबड्यांच्या पकडीवर) सहा-सात हजारांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि काकांच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या लेथचा तीन जबड्यांचा एक चक पडून आहे, तो बसवून घ्यावा का. घेऊ नये. इतके सांगून मी थांबलो असतो. परंतु अशाच एका फुकट मिळालेल्या चकवरून आमच्या घरात गेली सहा वर्षे वाद चालू आहे, आणि आपला प्रश्न वाचल्यावर तो पुन्हा एकदा मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे टर्नर होते. सहकारनगरमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या घराच्या मागच्या पडवीत मी लेथ बसवल्याचे कळताच पुढच्याच रविवारी ते चिंचवडहून रिक्षाने आले, आणि ग्रीस लावून जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला पाच इंची ट्रू चक त्यांनी माझ्या हातात ठेवला. (तीनही जबडे एका चावीने एकदम सरकतात तो ट्रू चक, आणि चारही जबडे वेगवेगळे फिरवावे लागतात तो डॉग चक, ही वर्कशॉपची भाषा आपल्या काकांना नक्कीच ठाऊक असेल.) त्याला मागे लावायची प्लेट भोसरीच्या एका शेडमध्ये माझ्या लेथच्या स्पिंडलच्या (चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याच्या) आट्यांप्रमाणे करून घेतली, तिचे अठराशे रुपये झाले. त्यानंतर बाबांनी चकमध्ये गोल सळई धरून डायल (ती किती डगमगते हे दाखवणारे काट्याचे मोजमाप) लावून दाखवली, आणि खरोखरच काटा दोन शतांश मिलिमीटरच्या पुढे हलत नव्हता. "लोखंड धरतो हा, जावईबापू. लाकडाची काय कथा?" असे ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला नाही म्हणवले नाही.

पहिली अडचण वजनाची आली. जवळजवळ पाच किलोंचा तो गोळा अर्ध्या हॉर्सपॉवरच्या लेथवर चढवला की सुरू करताना मोटर कण्हत असे. दुसरी अडचण हाताची. ट्रू चकचे जबडे पायऱ्यापायऱ्यांचे असतात आणि मोठा व्यास धरला की ते चकच्या घेराबाहेर डोकावतात. फिरताना ते दिसत नाहीत, नुसती एक करडी धूसर कडा दिसते. बाऊलच्या तळाशी काम करताना माझ्या डाव्या अंगठ्याचे नख त्या कडेला लागले आणि पुढचे तीन महिने मी ते नख वाढताना पाहिले. लोखंडाच्या लेथवर टूल पोस्टात आवळलेले असते, हात तिथे जातच नाही. लाकडाच्या लेथवर टूल आपल्या हातात असते आणि हात चकपासून चार बोटांवर असतो. बाबांच्या एकतीस वर्षांच्या अनुभवात ही गोष्ट कधी आलीच नव्हती, आणि मी सांगितल्यावर ती त्यांनी मान्यही केली नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती. पावसाळ्यापूर्वी आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटल्या होत्या, त्यातला एक ओंडका मी उचलून आणला होता. त्याचा आठ इंची बाऊल बाहेरून उतरवून, तळाशी सुमारे पन्नास मिलिमीटर व्यासाचे कुसू (चकने धरण्यासाठी ठेवलेला आखूड गोल खुंट) काढून, ते चकमध्ये आवळले आणि आत पोकळ करायला सुरुवात केली. दर पाच मिनिटांनी चावी लावून पाहावी तर ती पाव फेरा आत जाई. पहिल्यांदा मला वाटले की मीच नीट आवळले नव्हते. हजार फेऱ्यांच्या आसपास वेग असताना गाऊज (पन्हळीच्या आकाराचे कातण्याचे टूल) जरासा अडकला आणि बाऊल सुटून माझ्या कानाजवळून जाऊन धुण्याच्या मशीनच्या झाकणावर आदळला. आठ इंचांच्या कडेचा त्या वेळचा वेग ताशी ३८ किलोमीटरच्या घरात भरतो, हा हिशेब मी नंतर केला. झाकणाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. घरात त्यानंतर काय बोलले गेले, ते येथे लिहीत नाही.

बाबा आले, त्यांनी बाऊल उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "टूल खुपसलंत तुम्ही." चककडे त्यांनी पाहिलेही नाही. वास्तविक पुरावा कुसवावरच होता. थालीपिठाला बोटाने भोके पाडावीत तसे त्यावर तीन खळगे पडले होते. त्यातले दोन चांगलेच खोल होते आणि तिसरा जेमतेम दिसत होता. बाऊलच्या ठोकळ्यात लाकडाच्या नसा आडव्या जातात, त्यामुळे कुसवाच्या घेरावर दोन बाजूंना नसांची टोके येतात, ती कठीण असतात, आणि उरलेल्या दोन बाजूंना नसांची कूस येते, ती दाबली की बसते. तीन अरुंद जबड्यांचा सगळा जोर तीन रेघांवर पडतो; मऊ जागी जबडा रुततो, पकड ढिली होते, आपण पुन्हा आवळतो, तो आणखी रुततो. ओले लाकूड वाळताना कुसू लंबगोलही होते, ते वेगळेच. लोखंडाला असली कूस नसते. दोन शतांश मिलिमीटरची अचूकता लाकडाच्या कामात काहीच कामाची नाही, कारण बाऊल एकदा चकमध्ये धरून फिरवला की तो त्याच मध्यावर आपोआप गोल होतो. कामाची असते ती पकड, आणि ती घेरभर पसरलेली असावी लागते.

म्हणून लाकडासाठीच केलेला, चारही जबडे एकदम सरकणारा चक घ्यावा. त्याचे जबडे म्हणजे एका कड्याचे चार तुकडे असतात आणि आतल्या बाजूला डव्हटेलचा, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारा, उतार असतो, त्यामुळे कुसू जवळजवळ पूर्ण घेराने धरले जाते. आपल्या लेथला चार इंचांच्या आतबाहेरचा, दोन किलोंच्या आसपास वजनाचा चक पुरे. मी तेव्हा चिनी बनावटीचा घेतला, तो साडेसात हजारांना पडला आणि आजही चालतो. दोन दांड्यांनी आवळायचा चक स्वस्त मिळतो, पण त्याला दोन्ही हात अडकतात आणि बाऊल धरायला तिसरा हात लागतो; थोडे जास्त पैसे देऊन चावीचाच घ्यावा. जबड्यांचे पाच-सहा संच असलेल्या पेटीच्या मोहात पडू नये. सोबत येणारे पन्नास मिलिमीटरचे जबडे आणि मधला स्क्रू यांवर पहिले वर्ष निघते. जबड्यांवर आणि त्यांच्या खाचांवर १ ते ४ आकडे कोरलेले असतात. साफ करायला जबडे काढलेत तर त्याच क्रमाने घालावेत, नाहीतर ते मध्यावर मिळत नाहीत आणि आपण चकला नावे ठेवत बसतो.

कुसू करताना व्यास असा ठेवावा की जबडे किंचित उघडलेले असताना त्यांचे जे पूर्ण वर्तुळ होते, त्याच्याशी तो जुळेल. जबडे फार उघडून मोठे कुसू धरले तर पुन्हा त्यांचे आठ कोपरे तेवढे रुततात, आणि मग तीन जबड्यांत व चार जबड्यांत फारसा फरक उरत नाही. कुसवाचे टोक चकच्या तळाला टेकू देऊ नये. बाऊलचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे. कुसवाऐवजी तळाला खाच पाडून जबडे आतून उघडून धरण्याची पद्धतही आहे, पण पातळ तळ त्या जोराने चिरतो, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. वेगाचा साधा हिशेब असा की इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान राहावा. ओबडधोबड ठोकळा असेल तर त्याहूनही पुष्कळ खाली.

आता न्यायाने दोन गोष्टी सांगायला हव्यात. सारख्या जाडीची गोल दांडी, मुठी, खुंट्या अशा कामाला ट्रू चक वाईट नाही, आणि बाबांचा चक मी त्यासाठी अजून वापरतो, जबड्यांभोवती जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा ओढून. दुसरी गोष्ट अशी की तो फुटका बाऊल मी पुराव्यासाठी जपून ठेवला होता आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो हाताला लागला, तेव्हा सहज कुसवाला व्हर्नियर लावून पाहिला. खांद्याशी ५२ मिलिमीटर, टोकाशी ४९. म्हणजे माझे कुसूच उलट्या उताराचे होते आणि सरळ जबड्यांनी ते फक्त खांद्याजवळच्या कडेवर धरले होते. असे कुसू चार जबड्यांच्या चकमधूनही सुटले असते. तेव्हा चूक टूल खुपसण्याची नव्हती, हे माझे म्हणणे कायम आहे, परंतु ती सर्वस्वी चकचीही नव्हती.

मागवण्यापूर्वी स्पिंडलचे आटे मोजावेत, कारण चुकीच्या आट्यांचा चक परत पाठवण्यात महिना जातो. बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर आणि एका इंचात आठ आटे भरले तर तो १ इंच ८ आट्यांचा. व्यास ३३ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर साडेतीन मिलिमीटर असेल तर एम ३३. अडॅप्टर बदलता येणारा चक मिळाला तर बरे, पुढे लेथ बदलला तरी तो वाया जात नाही. तोपर्यंत लेथबरोबर आलेल्या फेस प्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट चकतीवर) टिंबर मार्केटमधल्या सागाच्या तुकड्याचा एक ठोकळा स्क्रूने बसवून घ्यावा आणि त्यावर बाऊलचा तळ फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर शिकंज्यात ठेवावा. लाकूड मात्र वाळलेले हवे, ओल्याला फेव्हिकॉल धरत नाही. मध्ये जाड कागद घातला तर काम झाल्यावर पटाशीने जोड उकलतो, पण अशा जोडावर हलक्या हातानेच कापावे. पोळपाटासाठी एवढे पुरते. लाटणे आणि रवी तर दोन सेंटरांमध्येच (दोन टोकांना अणींनी धरून) होतात, आपले कातारी त्यासाठी चक कधी शोधत बसले नाहीत.