प्रेशर वॉशरचा पंप घरी खोलताना काय काळजी घ्यावी?

दाब टिकत नाही आणि पंपाखालून पाणी ठिबकतंय म्हणताय, म्हणजे बहुधा वॉटर सील (पिस्टनभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) गेलेत, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. दोन्ही घरी होण्यासारखं काम आहे.

आधी प्लग सॉकेटमधून काढा. नळ बंद करून गनचा ट्रिगर धार पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरा. ही पायरी कधीच टाळू नका. मशीन बंद असलं तरी होजमध्ये १०० बारच्या आसपास दाब कोंडलेला असू शकतो, आणि ती धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. इंडक्शन मोटर असेल तर कपॅसिटरच्या (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाच्या) टोकांपासून हात लांब.

पंपात तेल असेल तर ते काढून घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. हेडचे (पंपावर बोल्टने बसवलेल्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे) बोल्ट एकेक पूर्ण न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा, कारण आतल्या स्प्रिंगा हेडला ढकलत असतात. हेड चिकटलं असेल तर रबरी हातोडीने हलकं ठोका; फटीत स्क्रूड्रायव्हर घातला की पृष्ठभागावर ओरखडा आणि कायमची गळती!

खाली पांढरं कापड अंथरा, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. सीलची ओठाची (पातळ, लवचिक कडेची) बाजू कुठल्या दिशेला होती ते फोटोत नीट दिसलं पाहिजे, नेमकं तिथेच उलटसुलट होतं. पिस्टनवर चर पडले असतील तर नुसते सील बदलून उपयोग नाही.

जोडल्यावर आधी नळ सोडून ट्रिगर दाबा, हवा निघून गेली की मगच स्विच.