मेंटॉर आहेत, पण माझं नाव कोण घेणार?

प्रश्न : ताई, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. 9 वर्षांनी यंदा टीम लीडर झाले. कंपनीनं मेंटॉर म्हणून एक वरिष्ठ साहेब दिलेत. महिन्यातून एकदा भेटतात, ‘छान चाललंय, काही लागलं तर सांगा’ म्हणतात, संपलं. खरी बोलणी होतात संध्याकाळी गेटबाहेरच्या चहावर. मला तेव्हा पाळणाघर गाठायचं असतं. नव्या प्लँटच्या जबाबदारीसाठी माझं नाव निघालंसुद्धा नाही. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते. पत्रातलं शेवटचं वाक्य आधी खोड. भोसरीत नोकरी करताना मी वर्षानुवर्षं स्वतःला हेच विचारत होते, म्हणून ते वाचून जीव तुटला.

‘काही लागलं तर सांगा’ला आपण ‘हो सर’ म्हणून उठतो. पुढच्या भेटीला रिजेक्ट झालेला पार्टच घेऊन जा. मी एकदा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज झालेलं हाउसिंग (पार्टचं बाहेरचं कवच) पुसून, फडक्यात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. शेजारी माझा रिपोर्ट, त्यात कारण लिहिलेलं : ऑपरेटरची चूक. साहेबांनी लाल पेननं त्या ओळीपुढे लिहिलं, ‘का?’ मी उत्तर दिलं की पुन्हा ‘का?’ असं करत करत लक्षात आलं, की इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं पातं, किती नगांनंतर बदलायचा हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. दहा मिनिटांची भेट दीड तास चालली. पुढे ग्राहकाच्या ऑडिटला साहेबांनी मला स्वतःहून उभं केलं, कारण माझं काम त्यांनी हातात धरून पाहिलं होतं.

सल्ला देणारा वेगळा आणि आपल्या पाठीमागे आपलं नाव पुढे करणारा वेगळा. कंपन्यांत या दुसऱ्याला स्पॉन्सर म्हणतात. साहेबांना सरळ विचार, ‘नव्या प्लँटसाठी माझं नाव सुचवाल का? नसेल, तर काय कमी पडतंय?’ जीभ जड होईल, तरी विचार. काम आपोआप दिसतं असं आपल्याला शिकवलंय. दिसत नाही गं.

चहाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक लेख आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून निदान दोनदा, असं सांगणारे 17 टक्क्यांच्या आसपासच निघाले. रोजच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कधी टूल रूममध्ये जा, कधी परचेसला. डिप्लोमाच्या बॅचमधली कोण कुठल्या कंपनीत आहे, फोन करून विचार.

आणि पाळणाघर. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती सोय 2017 पासून कायद्यानंच बंधनकारक आहे. सगळ्याजणी मिळून एचआरकडे लेखी मागा, एकटी जाऊ नकोस.

तुझ्या लाइनवर ट्रेनी मुली असतील, त्यातल्या एकीला पुढच्या ऑडिटला बोलू दे. तू शेजारी उभी राहा.

साहेबांची भेट झाली की काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहून कळव. वाट बघतेय.