समूहबुद्धी आणि तिच्या पोटातला ‘ऊह’

विचारणा अशी: ‘कलेक्टिव्ह इंटेलिजन्स’ला ‘सामूहिक बुद्धिमत्ता’ म्हणावे की ‘समूहबुद्धी’? सोबत एका व्याख्यानातले वाक्य दिले आहे: ‘ओपन इनोव्हेशनमध्ये माणसे वाढली की नुसता उहापोह होतो, निर्णय होत नाही.’ (ओपन इनोव्हेशन म्हणजे आपला प्रश्न बाहेरच्यांपुढे ठेवून त्यांच्याकडून उत्तर मिळवणे.)

समूहबुद्धी म्हणा, सुटसुटीत आहे. पण त्या वाक्यातला ‘उहापोह’ सोडून पुढे जाववत नाही. गोंधळ, मनाची घालमेल हा त्याचा हिंदीतला अर्थ. आता तो मराठी बातम्यांतही येता-जाता कानावर आदळतो. मराठीत ऊहापोह म्हणजे सांगोपांग चर्चा. ऊह म्हणजे तर्क मांडणे, अपोह म्हणजे न टिकणारा तर्क बाजूला सारणे. निर्णयाकडे नेणारी वाट तीच, आणि वक्ते तिलाच गोंधळ म्हणतात!

ऊहाची खरी गंमत मीमांसेत, म्हणजे वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात आहे. एका यागाचा मंत्र दुसऱ्या यागात वापरायचा, पण देवता वेगळी. मग ‘अग्नये जुष्टं निर्वपामि’मधले ‘अग्नये’ (अग्नीसाठी) काढून ‘सूर्याय’ (सूर्यासाठी) घालायचे, बाकी मंत्र तसाच. या बदलाचे नाव ऊह. व्याकरण कशासाठी शिकायचे, याची पाच प्रयोजने महाभाष्यकार वैयाकरण पतंजलीने दिली आहेत. त्यांत वेदांच्या रक्षणानंतर लगेच ऊह येतो.

आता अलास्कात चला. समुद्रावर सांडलेले तेल गोळा करून बार्जवर (सपाट मालवाहू नावेवर) घेतले की थंडीने ते थिजायचे, पंपाने उपसता यायचे नाही. कॉर्डोव्हा इथल्या तेलगळतीवर काम करणाऱ्या संस्थेने २००७ साली ‘इनोसेंटिव्ह’ या बक्षीस लावून प्रश्न मांडणाऱ्या संकेतस्थळामार्फत हा प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला, बक्षीस २०,००० डॉलर. उत्तर दिले ते तेलधंद्याबाहेरच्या, इलिनॉयमधल्या एका रसायनतज्ज्ञाने. त्याला काँक्रीट आठवले. स्लॅब भरताना ओल्या काँक्रीटमध्ये थरथरणारी नळी खुपसतात ना, तो व्हायब्रेटर. कंप दिला की घट्ट मालही वाहता राहतो. त्याने काँक्रीटच्या जागी तेल घातले, कंप तोच ठेवला. अग्नयेच्या जागी सूर्याय! एका धंद्यातली युक्ती दुसऱ्यात नेणे याला ऊहाइतका नेमका शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेला नाही.

आणि समूह? सम् + ऊह. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स ऊह् हे दोन वेगळे धातू (क्रियापदांची मुळे) मानतो, एक ढकलण्याचा आणि एक विचाराचा, आणि समूहाला ढकलण्याच्या खात्यात टाकतो. म्हणजे समूह हा केरसुणीने लोटून केलेला ढीग! मला हे साफ अमान्य आहे. आपल्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘ऊह वितर्के’ असा विचाराचाच ऊह् आहे. शिवाय अपोहात सारणे आणि विचार करणे एकत्र नांदतात, तर फाळणी हवी कशाला? माझ्या मते धातू एकच. चार जणांनी आपापला तर्क एकत्र लोटला की समूह.

तेव्हा समूहबुद्धीच. आणि वक्त्यांचे वाक्य असे हवे: ‘माणसे वाढली की ऊहापोह चांगला होतो.’ पहिला ऊ दीर्घ.