डिपॉझिट घ्या, पण त्याआधी गादीचा फोटो घ्या

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: खुलताबादजवळचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर तुम्ही नुकतंच पर्यटकांना द्यायला लागलात. रविवारी गेलेल्या कुटुंबानं गादीवर हळद-तेलाचा मोठा डाग पाडून ठेवला. डिपॉझिट घेतलेलं नव्हतं, म्हणून आता पुढच्या सगळ्यांकडून ₹10,000 घ्यावेत का, असं विचारताय. मी वेरूळच्या रस्त्यावर सहा वर्षांपासून हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

₹10,000 घेऊ नका. दोन रात्रींच्या भाड्याहून अनामत जास्त दिसली की जालन्याहून किंवा नांदेडहून लेकराबाळांसह येणारं कुटुंब तिथंच मागं फिरतं. रक्कम ठरवताना टीव्ही-फ्रीजच्या किमती धरू नका. सहा वर्षांत माझा टीव्ही कुणी फोडला नाही. माझ्या वहीत नोंदी आहेत त्या मेंदी लागलेल्या टॉवेलच्या, फुटलेल्या काचेच्या ग्लासांच्या, हरवलेल्या किल्लीच्या आणि एसीच्या रिमोटच्या. हे सगळं भरून निघेल एवढीच रक्कम पुरते. मी दोन खोल्यांना ₹2,000 घेतो, आणि लग्नाचं वऱ्हाड पूर्ण घर घेणार असेल तर ₹5,000.

आता बुकिंग कुठून येतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एअरबीएनबीवरून (घरं-खोल्या भाड्यानं देण्याच्या वेबसाइटवरून) आलेल्या पाहुण्याकडं दारात रोख किंवा यूपीआयनं डिपॉझिट मागायचं नाही, ते त्यांच्या नियमात बसत नाही. तिथं नुकसान झालं तर पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांच्या आत फोटो आणि बिलं जोडून भरपाईची मागणी टाकायची. पाहुण्याला उत्तर द्यायला 24 तास मिळतात. त्यानं नाही म्हटलं किंवा गप्प बसला, तर मग कंपनीला मधे घ्यायचं. रोजच्या वापरानं होणारी झीज त्यात धरत नाहीत. बुकिंग डॉट कॉम या तशाच वेबसाइटवर डिपॉझिटची अट आपल्या माहितीत आधीच नोंदवता येते. नोंदवलेली नसेल तर ऐनवेळी मागून वाद ओढवू नका. फोनवर, ओळखीतून आलेली बुकिंगं मात्र पूर्ण तुमच्या हातात असतात. तिथं डिपॉझिट घ्याच, आणि ते ॲडव्हान्स घेतानाच सांगा. सामान उतरवून झाल्यावर सांगितलं की माणसाला अपमान वाटतो.

ओळखीच्यांकडून कसं घ्यायचं, हाही तुमचा प्रश्न होता. सोयऱ्यांनी पाठवलेल्या माणसाला पैसे मागणं आपल्याकडं जड जातं, मलाही जायचं. मी आता बुकिंगच्या मेसेजमध्येच एक ओळ सगळ्यांना सारखीच पाठवतो: "भाडे इतके, अनामत ₹2,000, खोली बघून त्याच दिवशी परत." सगळ्यांना तेच जातं म्हटल्यावर कुणी मनाला लावून घेत नाही. डिपॉझिटऐवजी आधार कार्ड किंवा पासपोर्ट ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती अजिबात करू नका. भारतीय पासपोर्ट तर 1967 च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता आहे, तो तुमच्या कपाटात राहायला नको. नोंद करून घ्या आणि मूळ कागद लगेच हातात द्या.

माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यातूनच मी ही सगळी पद्धत बसवली. दुसऱ्या वर्षी लातूरचं एक कुटुंब राहून गेलं. निघताना मला इंडक्शन शेगडीच्या काचेवर तडा दिसला. आजी म्हणत होत्या, "बाबा, आम्ही चहासुद्धा गॅसवरच केला." मी ऐकलं नाही, ₹1,500 कापले. आठवड्यानं मोबाईलमधले जुने फोटो काढत होतो, तर त्यांच्या आधीच्या पाहुण्यांनी पाठवलेल्या स्वयंपाकाच्या फोटोत तोच तडा, त्याच कोपऱ्यात. मी फोन करून माफी मागितली, पैसे परत पाठवले. आजींनी पैसे घेतले, पण ते कुटुंब परत आलं नाही. ती गोष्ट मला अजून लागते.

तेव्हापासून प्रत्येक पाहुणा यायच्या आधी मी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढतो. चादर उचलून गादी, शेगडी, नळ, आरसा, गीझर, भिंतीचे कोपरे. पाहुणे आल्यावर त्यांच्यासोबत एक फेरी मारतो आणि आधीचे डाग-तडे मीच दाखवतो. निघतानाही फेरी सोबतच. श्रावणी सोमवारी लोक पहाटे चारला घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघतात आणि तिथूनच पुढं गावाला जातात, म्हणून त्यांची फेरी आदल्या रात्रीच उरकतो. पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं, ते गाडीत बसायच्या आत परत. "दोन दिवसांत पाठवतो" म्हणू नका, त्या दोन दिवसांत तुमच्याबद्दलचं मत बदलतं.

कापायची वेळ आलीच तर झालेल्या खर्चाइतकंच कापा आणि बिल दाखवा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 हेच सांगतं: करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. एक टॉवेल गेला म्हणून पूर्ण अनामत जप्त, असली अट कागदावर लिहून काही उपयोग नाही. जीएसटी नोंदणी असेल तर एवढं लक्षात ठेवा: परत करायची अनामत ही भाड्याची रक्कम धरली जात नाही, पण ती भाड्यात वळवून घेतली की धरली जाते. ते पैसे आपले नाहीत, घरखर्चात मिसळू देऊ नका. मी वेगळं खातं ठेवलंय.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडं खरं नुकसान तिथंच होतं. एकदा रात्रभर नळ चालू राहिला आणि सकाळी टाकी कोरडी. मे महिना, बोअर आटलेला, टँकर मागवावा लागला. मी त्यांच्याकडून काही घेतलं नाही, कारण टाकी किती पुरते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आता न्हाणीघरात पाटी आहे आणि सांगतोही.

तुमच्या गादीचं आता काय करायचं? बुकिंग एअरबीएनबीचं असेल तर 14 दिवस अजून संपलेले नाहीत, आजच मागणी टाका. फोनवरचं असेल तर त्या कुटुंबाला डागाचा फोटो आणि सफाईचं बिल पाठवून सरळ विचारा, बहुतेक लोक देतात. नव्या गादीची किंमत मात्र मागू नका, सफाईचीच मागा. आधी उजेडात तीन-चार फोटो काढा, मग साबणानं तेल काढून गादी गच्चीवर कडक उन्हात टाका. हळदीचा डाग उन्हानं फिका पडतो. आणि पुढचे पाहुणे यायच्या आत दोन्ही गाद्यांना चेनचं वॉटरप्रूफ कव्हर घाला.