अनंताच्या वादात नव्यानं शिरताना

भाऊ, तर्कशास्त्रज्ञ गोडेलपासून सुरुवात करू नका. आधी जोड्या लावायला शिका. पोळ्याला प्रत्येक बैलावर एक झूल चढली, काहीच उरलं नाही, तर न मोजताही दोन्ही सारखेच. तसंच १ला २, २ला ४, ३ला ६ जोडा. सम संख्या नैसर्गिक संख्यांइतक्याच निघतात.

मग गणितज्ञ कँटरची १८९१ची कर्ण-सिद्धता वहीत स्वतः मांडा; काही अनंत यादीत मावतच नाहीत, हे ती दाखवते. ०-१च्या पाच-पाच अंकी पाच ओळी लिहा. पहिलीतला पहिला अंक, दुसरीतला दुसरा, असे तिरके अंक उलटवत (०चा १, १चा ०) नवी ओळ बनवा. बनलेली ओळ यादीत नसतेच. 'मग तीही यादीत घालू' ही नवख्यांची नेहमीची चूक! अनंत यादीतही ती घातली, तरी तीच कृती पुन्हा नवी ओळ देते.

गोडेलच्या १९३१च्या प्रमेयातल्या अटी गाळू नका: प्रणाली (गृहीतकं आणि नियमांचा संच) सुसंगत, म्हणजे स्वतःलाच न खोडणारी, यंत्रवत तपासता येणारी आणि अंकगणित मांडण्याइतकी समर्थ असेल, तर तिच्यात सिद्ध न होणारं खरं विधान उरतंच. 'गणितात काहीच सिद्ध होत नाही' असं तो म्हणत नाही. या प्रमेयावरून 'मन यंत्र नाही' असं काही जण म्हणतात; तो वाद नंतर. प्रणाली सुसंगत आहे हे माणसाला तरी कसं कळतं, तिथंच तो अडतो.