मांजराच्या विष्ठेतला परजीवी समुद्रात कसा पोहोचतो?

प्रश्न : टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजरांच्या विष्ठेतून पसरतो, असे वाचनात आले. मग जन्मभर समुद्रात राहणाऱ्या पाणमांजरांना त्याची बाधा कशी होते?

उत्तर : प्रथम एक खुलासा करतो. नावात मांजर असले तरी पाणमांजर मार्जारकुळातले नव्हे. टॉक्सोप्लाझ्माची बाधा बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना होऊ शकते. पण त्याच्या कठीण कवचाच्या सूक्ष्म पुटी फक्त मार्जारकुळातील प्राण्यांच्याच आतड्यात तयार होतात. नव्याने बाधा झालेले एक मांजर एक-दोन आठवड्यांत अशा लाखो पुटी विष्ठेतून बाहेर टाकते.

पावसाचे पाणी या पुटी ओढ्या-नाल्यांतून समुद्राकडे वाहून नेते. वाटेत पाणथळ जागा असल्या तर बऱ्याच पुटी तिथेच अडकतात. म्हणून अशा पाणथळ जागा बुजवून काँक्रीट घातल्याचा फटका समुद्रातल्या जिवांनाही बसतो, असे मी आग्रहाने म्हणेन. क्लोरीनने या पुटी मरत नाहीत आणि थंड खाऱ्या पाण्यात त्या महिनोन्‌महिने तग धरतात.

खरा पेच पुढेच आहे. एवढ्या अथांग पाण्यात त्या विरळ होऊन निरुपद्रवी का ठरत नाहीत? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केल्प या समुद्रशैवालाची जंगले आहेत. त्याच्या पानांवरच्या बुळबुळीत थराला पुटी चिकटतात, तो थर खरवडून खाणाऱ्या गोगलगायींच्या पोटात त्या साठतात आणि रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा अन्न खाणारे पाणमांजर त्या गोगलगायी फस्त करते. या बाधेने मेंदूला सूज आली की पाणमांजराला झटके येतात, हालचालींवरचा ताबा सुटतो आणि असे दुबळे झालेले जनावर शार्कच्या तावडीत अधिक सहज सापडते.

सार्कोसिस्टिस न्यूरोना हा दुसरा परजीवी ओपॉसम या पोटाला पिशवी असलेल्या अमेरिकी प्राण्याच्या विष्ठेतून येतो, आणि हा प्राणीही कॅलिफोर्नियात माणसानेच आणलेला आहे. एप्रिल २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉरो बे परिसरात जोरदार पावसानंतर सुमारे ४० पाणमांजरे आजारी किंवा मृतावस्थेत किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांतील अनेकांच्या मृत्यूमागे हाच परजीवी आढळला.

हवाईतील मंक सील आणि न्यूझीलंडमधील हेक्टर डॉल्फिन हेही टॉक्सोप्लाझ्माने दगावलेले आहेत. या दोन्ही ठिकाणी मांजरे मूळची नाहीत, ती माणसाबरोबर आली. त्यामुळे पाळीव मांजर घरात ठेवणे आणि त्याची विष्ठा शौचालयात न टाकता बंद पिशवीतून कचऱ्यात देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.