घरी चालतो, एक्स्टर्नलसमोर पडतो

सबमिशनचे दिवस आले की इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडे एक प्रश्न हमखास आणतात, "मॅम, प्रोग्रॅम घरी कितीदा तरी चालवून बघितला, नीट चालतो, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने, एक्स्टर्नलने, हात लावला की पडतो, मग मला कोडिंग जमणारच नाही का?" त्यातलीच एक केस सांगते, पुण्यातल्या एका कॉलेजच्या सेकंड इयरच्या मुलीची. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

ती आली ती आईला घेऊनच. आईचं म्हणणं, "अहो मॅडम, रात्र रात्र त्या लॅपटॉपसमोर बसते, जेवत नाही, आणि परत वर म्हणते ब्रँच बदलायची." मुलगी गप्प. समुपदेशनात यायच्या आधी मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, त्यामुळे मी ब्रँचचं बाजूला ठेवलं आणि सरळ विचारलं, प्रोग्रॅम काय होता गं?

प्रोग्रॅम सी या भाषेतला. दोन बायनरी फायली, म्हणजे मजकूर म्हणून नाही तर कॉम्प्युटरच्या आकड्यांत साठवलेल्या, एकीत रेग्युलर मुलांचे 40 रेकॉर्ड, दुसरीत डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचे 12, दोन्ही वाचायच्या, एकत्र करायच्या, मार्कांप्रमाणे सॉर्ट करून तिसऱ्या फायलीत लिहायच्या. एक्स्टर्नलने स्वतःच्या दोन फायली दिल्या, यादी आली, क्रमही बरोबर, पण सरांनी मोजले तर 52 च्या जागी 37. "हे काय?" म्हणाले, आणि हिला रडूच फुटलं.

"घरी टेस्ट कसा केलास?"

"पाच रेकॉर्ड टाकून बघितले ना. बरोबर आलं. मग परत चालवला. परत बरोबर आलं."

"तीच फाइल?"

"हो."

इथेच मला जे कळायचं ते कळलं. ही टेस्टिंग करतच नव्हती, ही धीर गोळा करत होती. तेच पाच रेकॉर्ड, तेच उत्तर, पाच मिनिटं जरा बरं वाटायचं, मग परत धाकधूक, परत रन. गॅस बंद केलाय का ते बघायला दारातून चार वेळा मागे फिरतात ना माणसं, त्यातलाच प्रकार. आणि नवी फाइल का नाही बनवली विचारलं तर खाली बघत म्हणाली, "चुकलं असतं तर?"

म्हणजे प्रोग्रॅम पडणं म्हणजे आपण पडणं असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घरात भाऊ आयआयटीत वगैरे आहे, ते मी इथे फार उगाळत नाही, पण हातभार त्याचाही होता.

उपाय मी साधाच दिला. एक वही घे, रन करायच्या आधी पेनाने लिही की किती रेकॉर्ड यायला हवेत, पहिलं कोण, शेवटचं कोण, आणि मगच रन कर. दुसरं, प्रत्येक फाइल प्रोग्रॅम पाडायच्या इराद्यानेच बनवायची, एक रिकामी, एकीत एकच रेकॉर्ड, दोघांचे मार्क सारखे, शेवटचा रेकॉर्ड अर्धाच. आणि एकाच फायलीवर दोनदा रन करायचं नाही, ही अट. पहिल्या आठवड्यात ही अट तिने मोडली, ते होतंच, मी काही बोलले नाही.

पुढच्या वेळी वही उघडून दाखवली. 20 रेकॉर्ड दिले, 20 आले. 30 दिले तर 25. मग 25 देऊन बघितले, 25. 26 दिले तरी 25. मग या पोरीने जे केलं ते मला फार आवडलं, रोल नंबर 26 चा रेकॉर्ड उचलून फायलीत सगळ्यात वर ठेवला, आणि त्या फायलीतून आले शून्य!

कारण तिचं तिनेच शोधलं. फाइल उघडताना 'आरबी'च्या जागी नुसतं 'आर' लिहिलेलं, म्हणजे बायनरीऐवजी टेक्स्ट मोड, साधा मजकूर वाचायची पद्धत, आणि विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये 26 किमतीचा बाइट, म्हणजे फायलीतला साठवलेला एक आकडा, आला की फाइल संपली असं समजतात, जुन्या डॉसच्या काळातला कंट्रोल-झेड तो. रोल नंबर 26 साठवला की नेमका हाच बाइट येतो, म्हणून 40 मधले 25 च आले, दुसऱ्या फायलीतले 12 धरून 37. लिनक्सवर हा प्रकारच नाही, 'बी' लिहा नाहीतर लिहू नका. गंमत म्हणजे मार्क फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशवाले आकडे ठेवायच्या प्रकारात, ठेवले की 38.5 च्या बाइट्समध्येही हा 26 बसलेला असतो, त्यामुळे रोल नंबर काहीही असो, कुणाला 38.5 पडले की वाचन तिथेच थांबणार. पाच रेकॉर्डात हे सापडणार कुठून?

तेव्हा मी तिला टिमसॉर्टचं सांगितलं, यादी क्रमाने लावायची ती एक पद्धत. मर्ज सॉर्ट या आधीच्या पद्धतीवर बेतलेलं, पायथन या भाषेत 2002 पासून, पुढे जावा या भाषेतही घेतलं, जगभर रोज वापरात, आणि 2015 मध्ये काही संशोधक ते बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला बसले तर त्यात चूक निघाली, मुद्दाम तशी रचलेली मोठी यादी, म्हणजे अ‍ॅरे दिली की जावात ते पडायचं. ती म्हणाली, "मग ते लिहिणारे रडले असतील का?" आम्ही दोघी हसलो.

आता ज्यांना हे आपलंच वाटतंय त्यांना एक सांगते. तपासत राहायची सवय प्रोग्रॅमपुरतीच असेल तर वही पुरते. पण कुलूप, गॅस, हात धुणं, पाठवलेला मेसेज असं सगळीकडेच पसरली असेल, झोप उडाली असेल, तर वहीच्या भरवशावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा निदान टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

या मुलीचं तिथवर गेलं नव्हतं. ब्रँच बदलायचा अर्ज तिने भरला नाही, निदान या सेमला तरी नाही. आई अजून विचारते, "पण मॅडम, परत एक्स्टर्नलसमोर पडला तर?" पडेलही, म्हटलं, तेव्हा तिला वही उघडू द्या, तुम्ही फक्त ताट वाढून ठेवा.